आडनाव सोडा, जोडपं धरा: फ्रेंच-कॅनेडियन घराण्याची वंशावळ कशी शोधायची

माझ्या सासरचं आडनाव ग्रीनवूड. लग्न ठरलं तेव्हा आई सगळ्यांना सांगत सुटली की इंग्रज घराणं आहे, आणि मीही तेच धरून चालले होते, खरं तर नवऱ्याची आजी, जिला घरात सगळे मेमेर म्हणतात, ती जपमाळ फ्रेंचमध्ये ओढायची आणि नाताळला तूर्तिएर, म्हणजे डुकराच्या खिम्याचा पाय, करायची, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मेमेर गेल्यावर तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात अंत्यविधीला वाटतात तसली छोटी कार्डं सापडली, आणि तिच्या सासऱ्यांच्या कार्डावर ग्रीनवूड नव्हतंच. तिथे होतं ब्वाव्हेर. ब्वा म्हणजे लाकूड किंवा रान, व्हेर म्हणजे हिरवं. म्हणजे सरळ भाषांतर करून टाकलेलं आडनाव!

तिथून जे वेड लागलं ते तीन वर्षं पुरलं. आता ओळखीतल्या मराठी लोकांपैकी ज्यांच्या घरात न्यू इंग्लंडचा (अमेरिकेचा ईशान्य कोपरा) किंवा क्युबेकचा (कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत) सून-जावई आलाय असे दोघं-तिघं विचारायला लागले की कसं केलंस, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय.

आधीच सांगते, या कामात आडनाव पकडून मागे गेलात की घसरलात. आडनाव बदलतं, तुटतं, दुसरंच होतं. टिकतं ते जोडपं, म्हणजे नवऱ्याचं नाव अधिक बायकोचं माहेरचं नाव. दोन्ही एकत्र जुळले तरच तो आपला माणूस.

पहिलं काम घरातच

कॉम्प्युटर उघडायच्या आधी म्हाताऱ्या माणसांना फोन करा. "तुमचे पूर्वज कुठले" असं विचारलं तर "कॅनडा" एवढंच उत्तर येतं, त्याचा काही उपयोग नाही. विचारायचं ते असं: आजी-आजोबांचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं, आजीचं माहेर काय, तिच्या बहिणी कुठे दिल्या होत्या. कार्डं, बायबलची पहिली पानं, थडग्यांचे फोटो, पेपरातल्या मृत्यूच्या बातम्या, सगळं गोळा करा.

१८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंच-कॅनेडियन लोक अमेरिकेत आले, बहुतेक कापडगिरण्यांच्या गावांत: लोवेल, फॉल रिव्हर, मँचेस्टर, वूनसॉकेट, लुइस्टन. शेतीच्या तुकड्यावर पोट भरेना म्हणून गाव सोडून गिरणीत, ही गोष्ट गिरणगावात वाढलेल्या माणसाला वेगळी समजवायला नको. या गावांत त्यांनी स्वतःची फ्रेंच चर्चेस बांधली, आणि तिथल्या लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनाव धरून. कधीकधी क्युबेकमधल्या गावाचं नावही. ते गाव मिळालं की अर्धी लढाई जिंकली.

सीमा ओलांडतानाची नोंद मिळेल या आशेवर बसू नका. लोक रेल्वेने यायचे आणि १८९५ च्या आधी त्या सीमेवर नोंदी ठेवतच नसत. आणि "बंदरावरच्या क्लार्कने नाव बदललं" ही गोष्ट प्रत्येक घरात सांगतात, आमच्याकडेही सांगायचे. नाव बदललं ते मुकादमाने, शाळेतल्या मास्तरणीने, जनगणनेवाल्याने, नाहीतर स्वतःच.

आडनाव उलगडायचं कसं

इंग्रजी झालेल्या नावांचे दोन प्रकार. एक भाषांतर: लब्लां चा व्हाइट, रुआ चा किंग, लापिएर चा स्टोन, लाजनेस चा यंग, ब्यांव्हन्यू चा वेलकम, आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे कुर्तमांश चं शॉर्टस्लीव्ज, अक्षरशः आखूड बाही. दुसरा प्रकार कानाने ऐकून लिहिलेला: बन्वा चं बेनवे, आर्शांबो चं शॅम्बो. असं विचित्र नाव आलं की मोठ्याने म्हणून बघा, फ्रेंच येणाऱ्या कुणाला तरी ऐकवा.

आणि स्पेलिंग हा विषय सोडूनच द्या. शेवटी ओ असा आवाज असेल तर ते ई-ए-यू, ए-यू-एल-टी, ए-यू-डी, ओ-टी कसंही लिहिलेलं सापडतं, एकाच माणसाच्या बाप्तिस्म्यात एक आणि लग्नात दुसरं. लिहिणारा पाद्री, सांगणाऱ्याला बहुधा अक्षरओळख नाही, मग काय होणार.

पण खरी गंमत पुढे आहे. त्यांच्याकडे एक शब्द आहे, लिहितात डी-आय-टी, म्हणतात "दी". अर्थ "म्हटला जाणारा", म्हणजे चक्क आपलं उर्फ. दनव्हेर दी ब्वाव्हेर म्हणजे दनव्हेर उर्फ ब्वाव्हेर. बाई असेल तर शेवटी ई लागतो आणि उच्चार "दीत" होतो. हे उर्फ कुठून यायचं? सैनिकांना फौजेत टोपणनाव मिळायचं, मग लाफ्लर म्हणजे फूल, सांसुसी म्हणजे बिनघोर, त्राँशमोंताञ म्हणजे डोंगर कापणारा. कुणाचं गाव-प्रांतावरून, लांजव्हें म्हणजे आंजू प्रांतातला, पिकार म्हणजे पिकार्दीचा, आपल्या सातारकर-नगरकरांसारखंच. कुणाचं जमिनीवरून, ओढा, ओकची झाडं, असं काहीतरी. कुणाचं बापाच्या पहिल्या नावावरून: सोरेल भागातल्या पॉल ह्यू नावाच्या माणसाच्या वंशात ह्यू दी पॉल झाले, ह्यू दी कुर्न्वाये झाले, आणि पुढे मूळ ह्यू गळून नुसते पॉल आणि कुर्न्वाये उरले.

शाखा ओळखायलाही हे वापरत. बातिस्कां गावाकडचे रिव्हार भाऊ बघा, त्यांच्या वंशात लाव्हीञ, लोरांजे, लानुएत, द्युफ्रेन अशी किती आडनावं निघाली. आज हे लोक एकमेकांना नात्यातले समजतही नसतील.

आता यातून शिकायचं काय? एका जोडप्याची तीन मुलं तीन आडनावांनी लग्नं करू शकतात, आणि त्याउलट दोन लाफ्लर एकमेकांचे कुणीच नसू शकतात, जसे दोन कुलकर्णी. ब्वाव्हेर म्हणवणारी बरीच माणसं मूळची दनव्हेर, पण जूबें दी ब्वाव्हेर हे अगदी वेगळं घराणं, आणि मी पहिले चार महिने चुकीच्या ब्वाव्हेरांच्या मागे हिंडले कारण नाव जुळतंय म्हटल्यावर मी बायकोचं माहेर तपासलंच नाही. म्हणून उर्फांची यादी आधी बघा. आबे सिप्रियें तांग्वे या पाद्र्याने १८७१ ते १८९० मध्ये सात खंडांचा वंशावळ-कोश काढला, त्याच्या सातव्या खंडाच्या शेवटी अशा उर्फांची यादी आहे, स्कॅन करून इंटरनेटवर फुकट आहे. बाकी तांग्वेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, एकट्याने केलेलं अचाट काम आहे पण चुका आहेत. १७३० पर्यंतच्या घराण्यांसाठी रने जेते यांचा १९८३ चा कोश जास्त भरवशाचा.

बायकांची नावं: इथे आपल्यापेक्षा बरं आहे

आपल्याकडे कुलवृत्तांत उघडला की बापलेकांची साखळी लांबलचक आणि बायका कुठे तर "पत्नी रमाबाई", तीही सासरी बदललेल्या नावाने. माझ्या पणजीचं माहेरचं पहिलं नाव आज घरात कुणाला माहीत नाही. तिकडे उलट. क्युबेकच्या जुन्या नोंदीत बाई जन्मापासून पुरेपर्यंत माहेरच्याच नावाने असते. बाप्तिस्म्यात आई माहेरच्या नावाने, लग्नात दोन्ही आया माहेरच्या नावाने, मृत्यूच्या नोंदीत "अमुक, तमुकची बायको". घरात-गावात मादाम अमुक म्हणत असतील, पण कागदावर तिचं नाव तिचंच. १९८१ च्या २ एप्रिलपासून तर क्युबेकमध्ये कायदाच आहे की लग्नानंतरही बाईने जन्माचंच नाव चालवायचं. माझी मॉन्ट्रियलची मैत्रीण जोशी लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावायला गेली तर तिथे होईना, तिच्या सासूबाईंना पुण्यात हे समजावताना तिच्या नाकी नऊ आले.

म्हणून शोधताना नवऱ्याचं आडनाव हरवलं तर बायकोच्या नावाने शोधा. द्रुएं या वंशावळींचं काम करणाऱ्या संस्थेने १७६० ते १९३५ च्या लग्नांच्या सूची केल्या त्याही पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी, दोन्हीकडून शोधता येतं.

पहिल्या नावांचा एक घोळ मात्र आहे. १९व्या-२०व्या शतकात मुलगा झाला की बाप्तिस्म्याला ठेवायचे जोसेफ, मग गॉडफादरचं नाव, मग शेवटी खरं हाक मारायचं नाव. मुलगी असेल तर मारी, मग गॉडमदरचं, मग खरं. म्हणजे जोसेफ लुई आल्फ्रेड हा घरात आल्फ्रेड. सॉफ्टवेअरमध्ये "जोसेफ" टाकून बसलात तर अख्खा प्रांत दाखवेल. एलिझाबेथ आणि इझाबेल ही एकच बाई असू शकते. आणि मूल दगावलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायची रीत होती, तेव्हा जन्मनोंद सापडली की लगेच "मिळाला!" म्हणून उड्या मारू नका, आधी बघा ते बाळ जगलं का.

रजिस्टरं कुठे बघायची

हरिद्वारला किंवा त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वह्यांत सात पिढ्या सापडतात तसंच हे, फक्त इथे पाद्री प्रत्येक बाप्तिस्मा, लग्न, दफन त्याच दिवशी लिहायचा. क्युबेक शहराची नोंद १६२१ पासून सुरू होते. १६४० मध्ये चर्च जळलं आणि सगळी वही गेली, मग पाद्र्यांनी लोकांना विचारून, आठवून आठवून पुन्हा लिहिली, म्हणून त्या आधीच्या नोंदींत थोडं सैल धरा. नंतर दोन प्रती ठेवायचा नियम आला, एक चर्चमध्ये, एक कोर्टात, त्यामुळे एक जळाली-भिजली तरी दुसरी उरते. हीच चर्चची रजिस्टरं १९९३ च्या अखेरपर्यंत सरकारी जन्म-मृत्यू-लग्न नोंद म्हणूनही चालत होती.

फुकटात बघायचं तर फॅमिलीसर्च ही वेबसाइट, अकाउंट काढायचं आणि क्युबेकची कॅथलिक रजिस्टरं पान पान उलटायची. पैसे द्यायची तयारी असेल तर ॲन्सेस्ट्री किंवा जेनेआलोजी क्युबेक, दोन्हीकडे द्रुएं संस्थेने १९४० च्या दशकात मायक्रोफिल्म केलेली रजिस्टरं आहेत. आणि मॉन्ट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच नावाचा डेटाबेस, १९६६ मध्ये सुरू झालेला प्रकल्प, त्यात नोंदी नुसत्या टाइप नाही केल्या तर माणसं एकमेकांना जोडून कुटुंबं तयार केलीत. जुन्या पिढ्यांसाठी मी तरी त्याच्यावरच पैसे खर्च करीन. जनगणना कॅनडाच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराच्या साइटवर फुकट आहेत, १९३१ पर्यंतच्या.

लोकांनी टाकलेली तयार झाडं मात्र फक्त इशारा म्हणून वापरा. एकाने चूक केली की दोनशे जण कॉपी करतात. मी एका साइटचं वर्षाचं पॅकेज घेऊन अशा झाडांवरून भराभर अठरा नावं जोडली होती, त्यातली अकरा नंतर खोडावी लागली.

लग्न ते लग्न

जन्मतारखांच्या मागे लागू नका. मुख्य पायरी लग्न. एका लग्नाच्या नोंदीत नवरा, नवरी, दोघांचे आईवडील, कोण कुठल्या गावचं, एवढं सगळं एका जागी. मग नवऱ्याच्या आईवडिलांचं लग्न शोधायचं, त्यात पुन्हा त्यांचे आईवडील, अशी शिडी उतरत जायची. साधारण दहा-बारा लग्नांत तुम्ही १६६० च्या आसपास पोचता.

लग्न बहुतेक वेळा नवरीच्या गावात व्हायचं, तेव्हा नवऱ्याच्या गावात सापडलं नाही तर नवरीचं माहेर बघा. महिनेही ठरलेले. आपल्याकडे चातुर्मासात मुहूर्त नाहीत तसं त्यांच्याकडे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आणि नाताळच्या आधीचे चार आठवडे लग्नं बंद, म्हणून जानेवारी-फेब्रुवारी आणि नोव्हेंबर लग्नांनी ठासून भरलेले. सूची नसेल तर आधी तेच महिने चाळा, खूप वेळ वाचतो.

वाचायला फ्रेंच यायलाच हवं असं नाही. मी फ्रेंच शिकलेली नाही, वीस-पंचवीस शब्दांवर निभावलं. नोंद सुरू होते वर्षापासून आणि ते अक्षरांत लिहिलेलं असतं, "मिल सेत सां" म्हणजे सतराशे, आणि पुढे खरी कसरत, सत्तर म्हणजे साठ-दहा, नव्वद म्हणजे चार-वीस-दहा, तेव्हा सत्त्याण्णव वाचताना शेवटपर्यंत वाचा, मधेच थांबलात तर ऐंशीच लिहून बसाल. "फीस" मुलगा, "फीय" मुलगी, "व्हव्ह" विधवा, "परें" आणि "मारेन" म्हणजे गॉडफादर-गॉडमदर. "फीय माजर" म्हणजे कायद्याने सज्ञान मुलगी, जुन्या काळी २५ ची, नंतर २१ ची. "ऑन्द्वाये" म्हणजे बाळ जगेल न जगेल म्हणून घरीच सुईणीने वगैरे घाईघाईने पाणी शिंपडलेलं. आणि "फ", लिहितात एफ-ई-यू, हा शब्द सोन्याचा: कैलासवासी. बापाच्या नावाआधी तो असला की त्या तारखेपूर्वी बाप गेलेला, मग दफन कुठल्या काळात शोधायचं ते कळतं. पण नसला म्हणजे बाप जिवंत असं मात्र नाही, पाद्री विसरायचे.

शेवटी बहुतेक वेळा एक वाक्य येतं की दोघांना विचारलं, त्यांनी सही येत नाही असं सांगितलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उगाच वाईट वाटलं. मग आमच्या एका ब्वाव्हेरची सही सापडली, थरथरत्या हाताने, बी उलटा काढलेला. तो फोटो नवऱ्याने फ्रेम करून लावलाय.

एक खड्डा खास सांगते. जुन्या वह्यांत महिना असा लिहितात: आकडा ७ आणि पुढे बी-आर-ई. मी जुलै समजले. तो सप्टेंबर असतो, कारण सेत म्हणजे सात, सेत-आंब्र. तसंच ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ नोव्हेंबर आणि एक्स म्हणजे डिसेंबर. माझ्या हिशोबात एक बाळ आईवडिलांच्या लग्नानंतर सातच महिन्यांत जन्मलं होतं, आणि सासूबाईंना मी ते फोनवर सांगूनही बसले होते!

अडलं तर

नवरी विधवा असेल तर नोंदीत तिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव देतात आणि आईवडील गाळतात. मग तिचं पहिलं लग्न शोधायचं, तिथे मिळतात. लग्नाची नोंदच नसेल तर नोटरीचे कागद बघा. न्यू फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रेंच राजवटीतल्या त्या मुलखात, पॅरिसचा कायदा चालायचा, लग्नाआधी नोटरीकडे करार करायची पद्धत सर्रास, त्यात वऱ्हाडी मंडळींची नावं, कोण काका कोण मेहुणा, गाय किती, पलंग कुणाचा असं सगळं. मृत्यूनंतर घरातल्या वस्तूंची मोजदादही नोटरी करायचा, तवा-भांड्यापर्यंत. हे कागद क्युबेकच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत, पुष्कळसे ऑनलाइन. अक्षर मात्र भयंकर, आपल्या मोडीची आठवण येते.

नात्यात लग्न असेल तर चर्चची परवानगी लागायची आणि ती नोंदीत लिहायचे: अमुक डिग्रीची सूट. दुसरी डिग्री म्हणजे दोघांचे आजी-आजोबा एक, तिसरी म्हणजे पणजी-पणजोबा एक, चौथी म्हणजे खापरपणजोबा एक. "तिसरी ते चौथी" असेल तर एकाकडून तीन पिढ्या, दुसऱ्याकडून चार. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करताना कुणाची चिठ्ठी लागत नाही, पण त्यांची ही चिठ्ठी आपल्याला फार कामाची, कारण संशयित पूर्वज खरा की खोटा हे त्या हिशोबाने पडताळता येतं.

समुद्रापर्यंत

साखळी १६६० च्या आसपास पोचली की फ्रान्सहून आलेला पहिला माणूस भेटतो. बाई बहुधा "राजाच्या मुलीं"पैकी असते: १६६३ ते १६७३ मध्ये चौदाव्या लुईच्या खर्चाने लग्नासाठी पाठवलेल्या सुमारे ७७० तरुणी. पुरुष १६६५ मध्ये आलेल्या कारिन्यां-सालिएर रेजिमेंटचा असू शकतो, साधारण १२०० सैनिकांतले चारेकशे इथेच राहिले. त्यांच्या लग्नाच्या नोंदीत फ्रान्समधलं गाव आणि बिशपचा इलाखा लिहिलेला असतो. ते नाव घेऊन फिशिए ओरिजिन हा फुकट डेटाबेस बघा, तिकडची बाप्तिस्म्याची नोंद कुणी शोधली असेल तर तिथे असते. १६६६, १६६७ आणि १६८१ च्या जनगणनाही आहेत, त्यात वय, धंदा, आणि १६६७ पासून गुरं, नांगराखालची जमीनही.

त्रांब्ले आडनाव असेल तर नशीबवान, पेर्श प्रांतातल्या रांदोने गावचा पिएर त्रांब्ले आणि ओझान आशों, लग्न १६५७, क्युबेक शहर. तिथले जवळजवळ सगळे त्रांब्ले या एकाच जोडप्याचे. आकादी, म्हणजे आजच्या नोव्हा स्कोशियाच्या भागातले पूर्वज निघाले तर मात्र वाट वेगळी, १७५५ पासून इंग्रजांनी त्या लोकांना हुसकावून जहाजांतून जिकडेतिकडे सोडलं, पुष्कळ रजिस्टरं हरवली, तिथे ही लग्न-ते-लग्न शिडी मधेच तुटते.

लिहून ठेवायला त्यांची सोसा पद्धत वापरा, सोपी आहे. स्वतः १, बाप २, आई ३. कुणाचाही आकडा दुप्पट केला की त्याचा बाप, दुप्पट अधिक एक म्हणजे आई. बाप सगळे सम, आया सगळ्या विषम. आठ-नऊ पिढ्यांनंतर एकच जोडपं दोन-तीन आकड्यांवर दिसायला लागेल, घाबरू नका, लोक मूठभर होते आणि आपापसातच लग्नं करत होते. आमच्याकडे एक जोडपं पाच ठिकाणी आलंय.

मुलाच्या शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितलं तेव्हा त्याने बापाच्या बाजूला दनव्हेरपर्यंत अकरा ओळी भरल्या. माझ्या बाजूला चार, आणि चौथ्या ओळीत पणजीच्या जागी प्रश्नचिन्ह. आता पुढच्या मे मध्ये नाशिकला जातेय, उपाध्यांचं नाव काकांनी शोधून ठेवलंय.